मोलोकाई बेटावरील उपवासकाल

ख्रिस्ती मंडळीच्या वर्षांत पुनरुत्थानाच्या सणापूर्वीं जो उपवासकाल येतो, त्यास इंग्रजींत लेंट असें म्हणतात. वसंत ऋतूचें नांव असलेल्या एका जुन्या इंग्रजी शब्दापासून हा शब्द निघाला आहे. राखेच्या बुधवारीं ह्या कालास आरंभ होतो. त्या दिवशीं अनेक मंडळ्यांत उपासकांच्या कपाळीं राखेनें क्रूस रेखितात. ही राख बहुधा गतवर्षींच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली असते. रविवार हा आनंदाचा दिवस, म्हणून मधले रविवार वगळून चाळीस दिवस मोजावयाचे. यामुळें एकंदर काल सेहेचाळीस दिवसांचा भरतो. प्रभु येशूनें रानांत चाळीस दिवस उपवास केला, त्याची ही आठवण होय. प्रार्थना, उपवास व दानधर्म हीं ह्या कालाचीं तीन अंगें आहेत. ज्यांच्या घरीं चातुर्मास पाळला जातो, त्या विद्यार्थ्यांस ही कल्पना अपरिचित वाटणार नाहीं.

ह्या तिहींपैकीं उपवास हें अंग मुलांच्या ध्यानांत चटकन भरतें. कोणी मांस सोडतो, कोणी चहा, कोणी मिठाई. परंतु सोडलेला घास पुढें कोणाच्या मुखीं जातो, हा प्रश्न फारसा विचारला जात नाहीं. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ५८ व्या अध्यायाचा आशय मात्र असा आहे कीं, ज्या उपवासानें भुकेल्याचें पोट भरत नाहीं व निराश्रितास आसरा मिळत नाहीं, तो उपवास देवास मान्य नाहीं. ह्या शिकवणीचा अर्थ ग्रंथांवरून कळतो त्याहून अधिक स्पष्टपणें एका परदेशवासी सेवकाच्या चरित्रावरून कळतो. ते सेवक म्हणजे फादर डेमियन.

बेल्जम देशांतील ट्रेमेलो ह्या गांवीं ३ जानेवारी १८४० रोजीं त्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील बंधु धर्मगुरु होते व हवाई बेटांस जाण्यास निघण्याच्या बेतांत होते. इतक्यांत ते आजारी पडले. तेव्हां डेमियन यांनीं त्यांच्या जागीं जाण्याची परवानगी मागून घेतली आणि कित्येक महिन्यांच्या समुद्रप्रवासानंतर १९ मार्च १८६४ रोजीं ते होनोलूलू बंदरांत उतरले. तो उपवासकालांतील झावळ्यांच्या रविवारचा आदला दिवस होता. दोन महिन्यांनीं तेथेंच त्यांस धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली.

त्या बेटांवर त्या वेळीं कुष्ठरोगाची सांथ फैलावत होती. १८६५ सालीं तेथील राज्यसरकारानें कायदा करून रोग्यांस निराळें ठेवण्याचें ठरविलें, आणि १८६६ च्या जानेवारींत पहिले रोगी मोलोकाई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर नेऊन सोडले. तीन बाजूंस समुद्र व चौथ्या बाजूस अति उंच कडे, अशी ती भूमि आहे. नवऱ्यापासून बायको व आईपासून मूल तोडून तेथें पाठविलें जाई. १० मे १८७३ रोजीं फादर डेमियन स्वखुशीनें तेथें गेले, तेव्हां ते तेहेतीस वर्षांचे होते. राहण्यास घर नसल्यामुळें आरंभींच्या रात्रीं ते केवड्याच्या जातीच्या एका झाडाखालीं निजले.

त्यांचा नित्यक्रम पाहिला म्हणजे प्रार्थना व सेवा यांचा मेळ कसा घालावा हें समजतें. पहाटे उठून ते देवळांत जात व प्रार्थना, मनन आणि मिस्सा आटोपून दिवसाच्या कामास लागत. नंतर झोपडी-झोपडींतून फिरावें, जखमा धुवाव्या, पट्ट्या बांधाव्या, मरणोन्मुखांजवळ बसावें. जखमांची दुर्गंधि इतकी असे कीं, तिजवर उपाय म्हणून ते चिलीम ओढूं लागले. करवत व हातोडा तर त्यांच्या हातून सुटतच नसे. रोग्यांसाठीं घरें त्यांनीं बांधलीं, देऊळ वाढविलें, नळानें पाणी आणण्याच्या कामास हात लाविला, आणि मृतांसाठीं शेंकडों पेट्या स्वतः तयार केल्या. पूर्वीं तेथें प्रेतांस पेटी मिळणेंही कठीण असे. त्यांच्या खोलीशेजारींच स्मशानभूमि होती. सायंकाळीं तेथें फिरत जपमाळ म्हणणें हा त्यांचा विसांवा होता.

तेथील लोकांचें मुख्य अन्न ‘पोई’. आपल्या अळूच्या जातीचे कंद शिजवून, कुटून व पाणी घालून हें पिठलें करितात. बाहेरून येणारा बराचसा शिधा होडींतून येई. समुद्र खवळला म्हणजे तो वेळेवर पोंचत नसे. म्हणजे पंचांगांतला उपवास संपला, तरी त्या वस्तीचा उपवास संपेलच असें नसे. अशा ठिकाणीं एखादा पदार्थ सोडण्याची प्रतिज्ञा करण्यापेक्षां असलेलें अन्न सर्वांस पोंचविणें हेंच मोठें व्रत होतें.

उपवासकाल हा पापकबुलीचाही काल होय. फादर डेमियन यांस ती सोयही नेहमीं नव्हती. वस्तीबाहेर जाण्यास बंदी असतां एकदां त्यांचे वरिष्ठ जहाजांतून आले; परंतु कप्तानानें त्यांस उतरूं दिलें नाहीं व डेमियन यांस वर चढूं दिलें नाहीं. तेव्हां त्यांनीं होडींत उभें राहून, सर्व खलाशांच्या देखत, फ्रेंच भाषेंत मोठ्यानें आपली कबुली सांगितली.

प्रवचनांत ते आरंभापासूनच ‘आम्ही कुष्ठरोगी’ असें म्हणत. १८८४ च्या अखेरीस एके दिवशीं त्यांनीं पाय कढत पाण्यांत घातला. कातडी पोळली, परंतु वेदना झाली नाहीं. पुढील वर्षीं वैद्यांनीं निदान पक्कें केलें. तरीही त्यांनीं काम थांबविलें नाहीं. १८८८ च्या डिसेंबरांत एडवर्ड क्लिफर्ड नांवाचे इंग्रज चित्रकार त्यांस भेटावयास गेले, ते बरोबर गर्जन वृक्षाचें तेल घेऊन. ह्या तेलाचा प्रयोग आपल्या अंदमान बेटांत कुष्ठरोग्यांवर करण्यांत आला होता. त्यानें थोडा काळ आराम वाटला, इतकेंच.

१८८९ सालीं राखेचा बुधवार ६ मार्च रोजीं आला. त्याच उपवासकालांत, १९ मार्च रोजीं, त्यांच्या हवाईंतील वास्तव्यास पंचवीस वर्षें पुरीं झालीं. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनीं अंथरूण धरिलें. प्रथम ते जमिनीवर गवताच्या गादीवरच पडून होते. सोबत्यांनीं आग्रह केल्यावर त्यांनीं खाट घेतली. सिस्टर मेरियन कोप व त्यांच्या भगिनी नुकत्याच तेथें आल्या होत्या, अमेरिकेहून आलेले जोसेफ डटन तीन वर्षांपासून हाताखालीं होते. त्यामुळें आतां आपली गरज उरली नाहीं, असें ते समाधानानें म्हणत. पुनरुत्थानाचा सण आपण प्रभूजवळ करूं, अशी त्यांची खात्री होती. १५ एप्रिल रोजीं, पवित्र सप्ताहाच्या सोमवारीं सकाळीं, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षीं त्यांनीं देह ठेविला. ज्या झाडाखालीं ते प्रथम निजले, त्याच झाडाखालीं त्यांस पुरिलें.

१९३६ सालीं त्यांचा देह बेल्जमांत नेण्यांत आला. परंतु १९९५ सालीं त्यांचा उजवा हात मोलोकाईच्या त्याच थडग्यांत परत ठेविला गेला. ११ ऑक्टोबर २००९ रोजीं रोम येथें त्यांची गणना संतांत झाली. ज्या हातानें इतक्या जखमा बांधल्या, तोच हात त्या लोकांनीं आपल्याजवळ ठेवावा, हें योग्यच झालें.

फादर डेमियन मोलोकाईस गेले त्याच १८७३ सालीं नॉर्वे देशांत डॉक्टर हॅन्सन यांनीं ह्या रोगाचे जंतु शोधून काढिले. आज अनेक औषधांच्या एकत्र उपचारानें, ज्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनें १९८१ सालीं केली, हा रोग सहा ते बारा महिन्यांत पूर्ण बरा होतो. तरीही बऱ्या झालेल्या माणसाजवळ बसण्यास कचरणारे लोक आपल्या महाराष्ट्रांतही आढळतात. शरीराचा रोग गोळ्यांनीं जातो, मनांतील भीति मात्र कोणीतरी जवळ जाऊन बसल्याखेरीज जात नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, आपणांपैकीं बहुतेकांस मोलोकाईस जावयाचें नाहीं. परंतु वर्गांत एकटा बसणारा सोबती, आळींतील अंथरुणास खिळलेली आजी, दारावरून रोज जाणारा व कोणी न हांक मारणारा मनुष्य, हे सर्व आपल्या हांकेच्या अंतरावर आहेत. येत्या उपवासकालांत आपण एखादा पदार्थ अवश्य सोडावा. मात्र सोडण्यापूर्वीं तो घास कोणाकडे पोंचवावयाचा आहे, त्याचें नांव ठरवावें आणि तो स्वतःच्या हातानें नेऊन द्यावा. पालकांनींही मुलांबरोबर जावें. असें झालें तर तो उपवास देवास मान्य होईल.