कार्बनचं पातं आणि पायाचं माप

ट्रकचा पाटा पाहिला नाही असा माणूस वाळूज एमआयडीसीत सापडायचा नाही. एकावर एक पट्ट्या, मधे जाड, टोकाकडे पातळ. ओझं पडलं की वाकतो, उतरलं की जागेवर येतो. दम धरून समुद्रात खोल जाणारे लोक पायात जे लांब कार्बन फिन घालतात, त्यांचं पातं म्हणजे असाच एक पाटा, फक्त पोलादाऐवजी कार्बनच्या कापडाचा. पायाजवळ थर जास्त, टोकाकडे एकेक करत कमी. चांगलं पातं उजेडात तिरकं धरून त्यावरून बोट फिरवलं, तर थर जिथे संपतो तिथली बारीक पायरी बोटाला लागते.

चिकलठाण्याच्या सिपेटमध्ये प्लास्टिक शिकलेल्या मुलाला पुढचा फरक सांगायला नको. प्लास्टिकचं पातं इंजेक्शन मोल्डिंगच्या मशिनवर एका शॉटमध्ये निघतं, आणि हजारावं पातं पहिल्यासारखंच असतं. कार्बनचं काम हाताचं. राळेत भिजलेलं कापड मापात कापायचं, साच्यावर थर लावायचे, वर पिशवी चढवून हवा ओढून घ्यायची आणि भट्टीत तापवायचं. धागे लांबीच्या दिशेने घातले तर पातं उसळी देतं, तिरके घातले तर पिळा खात नाही. दोन्हींचा मेळ बसवणं हेच कारागिराचं कसब, आणि किंमतही त्याचीच. प्लास्टिकची जोडी काही हजारांत मिळते. कार्बनची पंचवीस-तीस हजारांच्या पुढेच, शिवाय बाहेरून मागवली तर कस्टम वेगळं. वरून जाळीदार काळी नक्षी आणि आत सगळी काच, म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड, असा मालही बाजारात ‘कार्बन’ म्हणून फिरतो. काच वाईट नाही, पण तिचे पैसे काचेचेच द्यावेत.

फिनचा इतिहास तसा जवळचा. फ्रेंच नौदलातल्या लुई द कॉर्लिय यांनी 1914 मध्ये फिन वापरून दाखवले आणि 1933 मध्ये पेटंट घेतलं. अमेरिकेचे ओवेन चर्चिल यांनी रबरी फिन बाजारात आणले, ते दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या पाणबुड्यांच्या पायात गेले. लांब पात्यांचं वेड मात्र भूमध्य समुद्रातल्या भाल्याने मासे मारणाऱ्यांचं. आजही नावाजलेले कारखाने बरेचसे त्याच पट्ट्यात आहेत: इटलीत सेटमा आणि सीफोर, ग्रीसमध्ये अल्केमी, इस्राएलमध्ये डायव्हआर. एस्टोनियाचं लीडरफिन्स उत्तरेतून त्यात घुसलं आणि त्याने कार्बन जरा परवडेल अशा भावात आणलं.

लांब पातं लागतंच कशाला, हे समजायला पाण्याचा हिशेब बघावा लागतो. वर असताना छातीत भरलेली हवा माणसाला बुडू देत नाही, म्हणून पहिल्या काही मीटरांत पायाने जोर लावून खाली जायचं. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो आणि फुप्फुसातली हवा निम्म्या जागेत मावते. कमरेचं वजन नीट बेतलेलं असेल तर त्याच सुमाराला शरीर ना वर जातं ना खाली. त्याखाली पाय थांबवले तरी माणूस आपोआप बुडत राहतो. परतताना उलटं: सगळ्यात जड काम तळाशी, तेही दम सरत आलेला असताना. म्हणजे पात्याचा खरा कस दोन ठिकाणी लागतो, निघताना वरच्या पाण्यात आणि परतताना तळाशी. प्रत्येक फटक्यात पात्याला दिलेली ताकद कार्बन बरीचशी परत करतं. प्लास्टिक वाकतं, पण आळसावून सरळ होतं. मांडीचे स्नायू प्राणवायू भराभर खातात, आणि खाली नवा प्राणवायू कुठून येणार?

इथेच बहुतेकांची गफलत होते. पातं जितकं कडक तितकं जोरदार, असं वाटतं. पण कडक पातं वाकवायला मांडीच लागते. दोन-चार बुड्यांत पाय भरून येतात, मग माणूस गुडघे दुमडून सायकल मारल्यासारखा पाय हलवू लागतो आणि पैसे पाण्यात जातात, अक्षरशः. साधारण वजनाच्या, वीस-तीस मीटरच्या आतच राहणाऱ्या माणसाला सॉफ्ट पातं पुरतं. मीडियम घ्यायचं ते देह भारदस्त असेल किंवा प्रवाहात पोहायचं असेल तर. त्यात आणखी एक मेख आहे: या कडकपणाला सगळ्या कंपन्यांत चालणारं एकच माप नाही. एकाचं सॉफ्ट दुसऱ्याच्या मीडियमइतकं निघतं. पाठीवरचा शिक्का वाचून ऑर्डर देण्यापेक्षा ज्याच्याकडे तेच पातं आहे त्याच्याकडून तासभर मागून घ्यावं.

माझं मत विचाराल तर आधी पातं बघूच नये, आधी फूट पॉकेट बघावं. ते रबरी जोड्यासारखं पायावर चढतं. पातं त्यात खोचून स्क्रूने बसवतात. जोडा सैल असेल तर महागातल्या महाग पात्याची ताकद टाचेतच हरवते. घट्ट असेल तर अर्ध्या तासात पोटरीत गोळा येतो. पंजा रुंद असला की युरोपियन मापाचे साचे करंगळी दाबतात, हे दुखणं आपल्याकडे बरंच ऐकू येतं. म्हणून माप घेताना पायात निओप्रीनचे मोजे हवेतच. पाणी कोमट असलं तरीही, कारण मोजे थंडीसाठी नसतात, कातडी सोलू नये आणि जोडा बसावा म्हणून असतात. घोट्याच्या रेषेपासून पातं वीस-तीस अंशांनी खाली झुकलेलं असेल तर पृष्ठभागावर पोहताना टोक पाण्याबाहेर येऊन आपटत नाही. भालेवाल्याला हे फार महत्त्वाचं, कारण चुबुक आवाज झाला की मासा पसार.

आता आपल्या शहरातून हे कोण, कुठे वापरणार? सिद्धार्थ उद्यानातल्या तलावात लांब फिन घालून उतरलात तर शेजारच्या पट्टीतला पोहणारा शिव्या घालील, आणि त्याचं बरोबरच असेल. विहिरीत मुटका मारून वाढलेल्या मुलांकडे दम असतो, पण विहिरीत लांब पातं फिरवायला जागा कुठे? नाथसागर मोठा आहे, पण गढूळ, आणि 1986 पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. तिथे भाला काढायचा विचारही करू नये. राहता राहिलं कोकण. मालवण-तारकर्ली इथून पाच-सहाशे किलोमीटर, पाणी नितळ असतं ते पावसाळा सरून थंडी आली की. तिथला सागरी भागही 1987 पासून अभयारण्य आहे. गोब्र्याच्या जातीतला सगळ्यात मोठा मासा वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. म्हणजे भाला घ्यायच्या आधी नकाशा आणि कायदा दोन्ही वाचावे लागतात. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक नावाचं समुद्राखालचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं; त्याचा माथाच वीसेक मीटर खोल. त्या पाण्यात कार्बनचं चीज होईल. मालवणच्या किनाऱ्यालगत पर्यटक जेवढं खोल जातात, तेवढ्यासाठी प्लास्टिक पुरे.

म्हणून नव्या माणसाने पहिलं वर्षभर प्लास्टिकच्या लांब पात्यावर काढावं. खडकाला पाय टेकवतो, होडीच्या कडेवर फिन आपटतो, ते सगळं प्लास्टिक सोसतं. कार्बन वाकायला राजी असतं, ठोसा खायला नाही. एकदा थर सुटायला लागला की दुरुस्ती करूनही पहिल्यासारखी उसळी येत नाही. खडकाळ तळावर भाला चालवणारे जुनेजाणते अनेकदा काचेचंच पातं पसंत करतात ते यामुळे.

घेतलंच, तर मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत टाकून ठेवू नका. आपल्याकडची उन्हाची धग जोड्याचं रबर आणि पात्याच्या कडेला चिकटवलेल्या पट्ट्यांचा गोंद, दोन्ही ढिले करते. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, स्क्रूभोवतीचं मीठ काढून, सावलीत आडवं ठेवावं. टोकावर उभं केलं तर पातं हळूहळू वाकडं होतं.

आणि कितीही भारी पातं असो, एकट्याने बुडी मारायची नाही. उतरण्याआधी धापा टाकत भराभर श्वास घेऊ नये. त्याने शरीरातला कर्बवायू कमी होतो आणि श्वास घ्यायची हाक उशिरा येते. शुद्ध हरपते ती बहुतेकदा तळाशी नाही, परतताना शेवटच्या दहा मीटरांत किंवा डोकं पाण्याबाहेर आल्यावर. म्हणून जोडीदार वर थांबतो, खाली गेलेल्याला शेवटच्या टप्प्यात भेटतो आणि तो वर आल्यावरही निदान अर्धा मिनिट त्याच्या तोंडावरची नजर काढत नाही.