कॉकपिटमधली उरलेली वर्षं

१ फेब्रुवारी २००८ला वांद्रे-कुर्ला संकुलात आयर्न मेडन या ब्रिटिश बँडचा कार्यक्रम झाला. वादक, तंत्रज्ञ आणि टनावारी सामान बोइंग ७५७मधून मुंबईत उतरलं होतं. ते विमान चालवत आणणाराच मग मंचावर गायला. ब्रूस डिकिन्सन तेव्हा ४९ वर्षांचा होता. विमान उडवायला तो तिशीत शिकला आणि पुढे अॅस्ट्रेयस या कंपनीत रीतसर वैमानिक झाला.

अशा गोष्टी चाळिशीतल्या, आयटीला कंटाळलेल्या माणसाला फार लवकर चढतात. डिकिन्सनच्या घरचा खर्च त्याच्या पायलटच्या पगारावर चालत नव्हता, एवढं मात्र सांगायचं राहून जातं.

शिकायला वय आड येत नाही. जेआरडी टाटांनी १९८२मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, कराची-मुंबई हे अंतर छोट्याशा लेपर्ड मॉथ विमानातून एकट्याने पार केलं होतं. पण हौसेने उडवणं वेगळं आणि प्रवासी नेऊन पगार घेणं वेगळं. व्यावसायिक परवाना, म्हणजे सीपीएल, १८व्या वर्षापासून मिळतो. एअरलाइनचं कॉकपिट मात्र ६५व्या वर्षी सोडावंच लागतं. उशिरा येणाऱ्याचा सगळा हिशेब या दुसऱ्या आकड्यापासून उलटा मांडायचा.

त्याआधी डॉक्टर. फ्लाइंग स्कूलचं माहितीपत्रक मागवायच्याही आधी डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, यांच्या यादीतल्या डॉक्टरकडून आधी क्लास टू आणि मग क्लास वन मेडिकल करून घ्यावं. चष्मा चालतो. रंग नीट ओळखता येत नाहीत, हे काहींना आयुष्यात पहिल्यांदा तिथेच कळतं. ईसीजी, रक्तदाब, साखर, कान असं सगळं तपासलं जातं, आणि ही तपासणी एकदा होऊन संपत नाही. नोकरी लागल्यावरही ती ठरावीक मुदतीने द्यावी लागते. पंचविशीतला मुलगा ती सहज देऊन येतो. पन्नाशीत दर खेपेला सबंध करिअर त्या कागदावर टेकलेलं असतं.

मग पेपर. बारावीला फिजिक्स आणि गणित हवं, ही अनेक वर्षांची अट. त्यामुळे बीकॉम होऊन बँकेत मुरलेली माणसं राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून हे दोन विषय द्यायला बसतात. नॅव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल या डीजीसीएच्या पेपरांत पास व्हायला ७० टक्के लागतात. यात मोठ्यांचं फारसं अडत नाही, कारण नेमाने अभ्यासाला बसायची सवय असते.

उड्डाणाचे तास २००. त्यातले १०० तास स्वतः कमांडर म्हणून, त्यातच ३०० सागरी मैलांची एक क्रॉसकंट्री, शिवाय ५ तास रात्रीचे. धुळे, बारामती, शिरपूर, गोंदियाजवळची बिरसी या आपल्याकडच्या धावपट्ट्यांवर हे प्रशिक्षण चालत आलं आहे. कागदावर सात-आठ महिन्यांचं वाटणारं काम. पण पावसाळ्यात ढग खाली उतरले की विद्यार्थी हँगरमध्ये बसून राहतात. उन्हाळ्यात तापलेल्या हवेचे झोत दुपारी सेसना हलवून सोडतात, म्हणून पहाटेचे स्लॉट, आणि त्यांच्यासाठी रांग. दीड-दोन वर्षं धरून चालावं. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी करू म्हणणाऱ्यांचा हात बसत नाही. मध्ये खंड पडला की लँडिंग पुन्हा घोटवावं लागतं आणि त्या तासांचे पैसे वेगळे.

खर्च निम्म्या कोटीच्या आसपास, आणि एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७चं टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान चालवायची पात्रता, स्वतः करायचं झालं तर वर आणखी लाखांत. एअरलाइनच्या बऱ्याच कॅडेट योजनांना वरची वयोमर्यादा असते, त्यामुळे चाळिशीतल्याला हा भार बहुधा एकट्यानेच उचलावा लागतो. परवाना हातात आला तरी इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे नुसत्या उपकरणांच्या आधारे उडवायची पात्रता, दरवर्षी जिवंत ठेवावं लागतं, म्हणजे नोकरीच्या रांगेत उभं राहायलाही पैसे. ती रांग तुमच्या हातात नसते. २०२३मध्ये एअर इंडिया आणि इंडिगोने मिळून जवळपास हजार विमानांच्या ऑर्डरी दिल्या. त्याच वर्षी गो फर्स्ट ही एअरलाइन बंद पडली. २०१९मध्ये जेट एअरवेज थांबली, तेव्हा अनुभवी वैमानिक बाजारात आले आणि नवे मागे ढकलले गेले.

आता उलटा हिशेब. बेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली, तर सेहेचाळिसाच्या आसपास फर्स्ट ऑफिसर. कॅप्टन व्हायला हवा असलेला परवाना, म्हणजे एटीपीएल, त्याला लागणारे १५०० तास एअरलाइनमध्ये दोन-तीन वर्षांत भरतात. पण कॅप्टन कधी व्हायचं, हे कंपनीची गरज आणि सिनिऑरिटी ठरवते, आणि सिनिऑरिटी रुजू झाल्याच्या तारखेवर. म्हणजे डाव्या सीटवर तुमच्या मुलीच्या वयाची कॅप्टन, आणि रोस्टरमधली उरलीसुरली दिवाळी तुमच्या वाट्याला. तरी पन्नाशीच्या आगेमागे कॅप्टन झालात, तर पंधरा वर्षं मिळतात. हे गणित जमतं. बावन्नाव्या वर्षी सुरू केलं, तर कर्ज फिटेपर्यंत निवृत्ती येते. घर गहाण टाकून तर ते मी कुणालाच सुचवणार नाही.

पन्नाशीनंतर पैशांची निकड नसेल, तर इन्स्ट्रक्टर रेटिंगचा विचार करावा. तिथे विद्यार्थ्याला समजावून सांगायची हातोटी कामाची, आणि मॅनेजरकीत घालवलेली वीस वर्षं तिथे वाया जात नाहीत. पगार एअरलाइनच्या जवळपासही नसतो, पण बहुतेक रात्री घरच्या बिछान्यावर.