जपानी व्यवसाय-संस्कृती आणि तरुण परदेशी उद्योजक : विश्वास, वेळ व भांडवल

प्रस्तावना :
घटती जन्मसंख्या आणि वृद्धांचे वाढते प्रमाण यांमुळे जपानने गेल्या दशकात परदेशी तरुणांना केवळ नोकरीसाठी नव्हे, तर उद्योग उभारण्यासाठीही निमंत्रित केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या पंचवार्षिक योजनेत नवउद्योगांतील वार्षिक गुंतवणूक २०२७ पर्यंत १० लाख कोटी येनवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. मात्र ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी उद्योजकांसाठीच्या निवासाच्या अटी कमालीच्या कडक झाल्या. या दोन प्रवाहांमध्ये तरुण उद्योजकाची होणारी कोंडी स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

व्यवसाय-संस्कृतीचे स्वरूप :
जपानी व्यवहारात निर्णय सहसा बैठकीत होत नाही. तो बैठकीपूर्वीच झालेला असतो. संबंधित प्रत्येकाला आधी स्वतंत्रपणे भेटून त्याची संमती मिळवण्याच्या पद्धतीस ‘नेमावाशी’ म्हणतात. झाड दुसरीकडे लावण्यापूर्वी त्याच्या मुळांभोवतीची माती मोकळी करून ते तयार करणे, हा या शब्दाचा मूळ अर्थ. त्यानंतर प्रस्तावाचा लेखी मसुदा एकेका अधिकाऱ्याकडे शिक्क्यासाठी फिरतो. ही ‘रिंगी’ होय. वरिष्ठांना अहवाल देणे, संबंधितांना कळवणे आणि सल्ला घेणे या त्रिसूत्रीला ‘होरेन्सो’ असे नाव आहे.

या पद्धतींमुळे निर्णयास विलंब होतो. परंतु निर्णय झाल्यावर अंमलबजावणीत विरोध क्वचितच उरतो. नवागत परदेशी तरुणाला हा विलंब नकारासारखा भासतो. वास्तविक त्या काळात समोरची कंपनी त्याची पारख करीत असते. भाड्याने जागा घेतानाही जामीनदार किंवा हमी-कंपनी मागितली जाते. थोडक्यात, ‘तुमच्या पाठीशी कोण आहे?’ हा प्रश्न त्याला प्रत्येक दारात भेटतो.

तथापि ही अडचण संधीही ठरू शकते. जे विंडर हे सहसंस्थापक असलेल्या टोकियोतील ‘मेकलीप्स’ या कंपनीने जपानी पद्धतीची देयके तयार करणे व ती टपालाने पाठवणे, हीच सेवा संगणकाद्वारे पुरवली. पुढे २०१८ मध्ये ‘रिको’ या प्रस्थापित जपानी कंपनीने ती विकत घेतली. स्थानिक रूढी बदलण्याचा आग्रह न धरता तिची सोय लावून देणे, हे येथील यशाचे एक सूत्र दिसते.

कायद्याची चौकट :
२००६ मध्ये अमलात आलेल्या कंपनी कायद्याने भागभांडवली कंपनीसाठी असलेली किमान १ कोटी येनची अट रद्द केली. तरीही उद्योग चालवण्यासाठी निवास-परवाना हवा असल्यास परदेशी व्यक्तीला कार्यालय आणि ५० लाख येन भांडवल किंवा दोन पूर्णवेळ कर्मचारी दाखवावे लागत. येथे एक पेच होता. परवान्यावाचून बँक खाते व कार्यालय मिळणे कठीण आणि कार्यालयावाचून परवाना नाही. तो सोडवण्यासाठी विशेष क्षेत्र ठरलेल्या फुकुओका शहरात २०१५ मध्ये ‘स्टार्टअप व्हिसा’ सुरू झाला. २०१८ पासून ही सोय अन्य भागांतही उपलब्ध झाली आणि २०२५ मध्ये तिची कमाल मुदत दोन वर्षे झाली. परंतु मुदत संपल्यावर मुख्य परवान्याच्या अटी पूर्ण कराव्याच लागतात.

१६ ऑक्टोबर २०२५ पासून त्या अटी अशा आहेत : ३ कोटी येन भांडवल, किमान एक पूर्णवेळ कर्मचारी, अर्जदार किंवा पूर्णवेळ कर्मचारी यांपैकी एकाला उच्च-मध्यम पातळीचे जपानी, तीन वर्षांचा व्यवस्थापनाचा अनुभव किंवा पदव्युत्तर पदवी आणि तज्ज्ञाने तपासलेला व्यवसाय-आराखडा. नामधारी कंपन्यांद्वारे होणारा परवान्याचा गैरवापर रोखणे, हे यामागील कारण. पूर्वीच्या परवानाधारकांसाठी ऑक्टोबर २०२८ पर्यंत संक्रमणकाळ आहे.

निष्कर्ष :
गैरवापर रोखण्याचा हेतू रास्त आहे. परंतु जपानी व्यवहारात विश्वास काळाने मिळतो, तर नव्या नियमाने गांभीर्याचे मुख्य माप पैशात ठरवले आहे. तरुणाजवळ वेळ असतो, भांडवल नसते. सहापट भांडवलाची अट नामधारी कंपनीइतकीच प्रामाणिक, लहान उद्योगालाही अडवते. नेमावाशीला लागणारी वर्षे मिळण्यापूर्वीच त्याचे पाऊल थांबते.

पुण्यासह महाराष्ट्रात जपानी भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने यातील एक बाब महत्त्वाची आहे. भाषेची अट ‘एन-२’ परीक्षेने पूर्ण होऊ शकते. म्हणजेच नव्या अटींपैकी भाषा ही अशी बाब आहे, जिची पूर्तता भांडवलाविना, केवळ अभ्यासाने करता येते. महाविद्यालयीन मार्गदर्शनात भाषेबरोबर तेथील व्यवहार-रीतीचाही परिचय करून दिल्यास हे विद्यार्थी अधिक तयारीने त्या वाटेवर पाऊल ठेवू शकतील.