मांजराचा चिवट गजकर्ण : उपचार केव्हा थांबवावा?

मांजराच्या अंगावरील केस चट्ट्याचट्ट्यांनी गळतात, औषधाने ते पुन्हा उगवतात आणि काही आठवड्यांनी चट्टे परत दिसू लागतात. अशा वेळी औषधास दोष दिला जातो. परंतु पुष्कळदा उपचार अकाली थांबविलेला असतो.

मांजरांतील गजकर्ण बहुतांशी मायक्रोस्पोरम कॅनिस या कवकामुळे होतो. केरॅटिन हे प्रथिन त्याचे अन्न होय. ते वाढत्या केसात शिरते. केस ठिसूळ होऊन त्वचेलगत तुटतो व टक्कल दिसते. तुटक्या केसांवरील बीजाणू घरभर पसरतात आणि कोरड्या जागी वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ जिवंत राहू शकतात. म्हणजे या कवकाची वसतिस्थाने तीन : केसाचा अंतर्भाग, अंगावरील लव आणि घर. एकाच ठिकाणी केलेला उपाय म्हणूनच अपुरा पडतो.

केसाच्या आतील कवकासाठी पोटात घ्यावयाचे औषध लागते. ग्रिझिओफल्व्हिन हे द्रव्य 1939 साली एका पेनिसिलियम कवकापासून वेगळे करण्यात आले. ते तोंडावाटे दिल्यास गिनीपिगांचा गजकर्ण बरा होतो, हे जेंटल्स यांनी 1958 साली दाखविले. ते नव्याने बनणाऱ्या केरॅटिनमध्ये साठते व कवकाची वाढ रोखते. जुना दूषित केस मात्र गळून जावा लागतो. उपचारास कित्येक आठवडे लागतात ते यामुळेच. हे औषध गर्भास अपायकारक असून अस्थिमज्जेवरही त्याचा दुष्परिणाम संभवतो. यास्तव आज पशुवैद्य सामान्यतः इट्राकोनाझोल पसंत करतात. लवेवरील बीजाणूंसाठी चुना व गंधक यांच्या द्रावणाने आठवड्यातून दोनदा सर्वांग भिजवितात. घरातील गळलेले केस नित्य झाडून काढणे व अंथरुणे धुणे हा तिसरा उपाय होय. घरातील इतर मांजरांचीही तपासणी हवी, कारण लक्षणे नसलेले मांजरही बीजाणू वाहून नेते.

केस गळण्यास पिसवा, खरजेचे किडे किंवा अतिरेकी चाटणेही कारण असू शकते. म्हणून निदान आधी करावे. वुडच्या दिव्याखाली दूषित केस हिरवट झळकतात, तथापि ते न झळकल्यास रोग नाही असे म्हणता येत नाही. निर्जंतुक दातघासणीने सर्वांगावरील केस विंचरून त्यांचे संवर्धन करणे ही अधिक विश्वसनीय कसोटी होय. सुदृढ मांजराचा गजकर्ण काही महिन्यांत आपोआपही बरा होतो, त्यामुळे कोणत्याही मलमास नाहक श्रेय मिळते.

केस उगवणे ही बाह्य सुधारणा होय. कवकाचा नाश झाला की नाही, हे संवर्धनच सांगते. लागोपाठ दोन संवर्धनांत कवक न आढळणे हा रोगमुक्तीचा रूढ निकष आहे. हा रोग माणसांस, विशेषतः मुलांस, जडतो. मांजर बरे दिसताच औषध बंद करणाऱ्या घरात धोका कायम राहतो, तो याच कारणाने.