अलार्म बॅटरी खात नाही, चुकीची फिटिंग खाते

जामखेडात कुणी मोटारसायकलला अलार्म बसवायचं नुसतं बोलला, तरी गॅरेजसमोर उभा असलेला कुणीतरी हमखास सांगतो, "नको रे, बॅटरी खातो." हे वाक्य ऐकून कान किटले आहेत. हजाराच्या आत मिळणारं कामाचं साधन लोक या एका वाक्यापायी टाळतात, किंवा बसवलेलं उपटून टाकतात. म्हणून आधी याचाच हिशेब मांडू.

गैरसमज : अलार्ममुळे बॅटरी उतरते

साध्या १००-१२५ सीसी गाडीची बॅटरी साधारण १२ व्होल्ट, ४ अँपिअर-अवर असते. अलार्म नुसता पहाऱ्यावर असताना १० मिलिअँपिअर घेतो असं धरा. चोवीस तासांत ०.२४ अँपिअर-अवर खर्च होतो, म्हणजे बॅटरीच्या सहा टक्के. रोज खर्डा-जामखेड ये-जा करणाऱ्या गाडीत तेवढं चालता चालता भरून निघतं. गाडी अजिबात हलवली नाही, तर पूर्ण बॅटरी संपायला सोळा दिवस लागतील. सेल्फ मात्र त्याच्या बराच आधी कुरकुरेल. तेव्हा लग्नाला, तीर्थयात्रेला आठवडाभर बाहेर जाणार असाल तर अलार्मचा फ्यूज काढून गाडी कुलूपबंद जागेत ठेवा. इतकं सोपं आहे हे.

मग बॅटऱ्या उतरतात त्या कशाने? खोट्या बोंबेने. सेन्सर अति नाजूक ठेवला की बीड रोडवरून ट्रक गेला तरी सायरन वाजतो. सायरनसोबत चारही इंडिकेटर लुकलुकतात. १० वॅटचे चार बल्ब म्हणजे ४० वॅट, पेटतात तेव्हा तीन अँपिअरहून जास्त. पहाऱ्यावरच्या खर्चाच्या तीनशे पट! रात्रभर हे चाललं तर सकाळी सेल्फ मारणार नाहीच. दोष अलार्मचा नाही, सेन्सरचा स्क्रू न फिरवणाऱ्याचा आहे.

दुसरं कारण जोडणी. वायर सोलून, पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळायची, हे सर्रास चालतं. उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळतो, पावसाळ्यात आत पाणी जातं आणि करंट गळू लागतो. जोड डाखलेला असावा, त्यावर तापवून आवळणारी स्लीव्ह असावी आणि बॅटरीच्या अधिक टोकाजवळ अलार्मचा वेगळा फ्यूज असावा. सायरनचं तोंड खाली ठेवावं, म्हणजे गाडी धुताना पाणी साचत नाही.

शंका असेल तर मोजा. चावी बंद करा, बॅटरीची उणे वायर सोडवून मध्ये मल्टिमीटर लावा. आधी १० अँपिअरच्या जागी, मग मिलिअँपिअरवर. मीटर जोडलेला असताना सेल्फ दाबू नका, मीटरचा फ्यूज उडेल. आकडा १०-२० च्या आत असेल तर निर्धास्त राहा. पन्नास-शंभर दिसला तर जोडणी तपासायला लावा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना हे जास्त लागू आहे, कारण इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पार मेली तर किक मारूनही उपयोग होईलच असं नाही.

बाकीचे गैरसमज, थोडक्यात

*अलार्म आहे, मग हँडल लॉक कशाला?* अलार्म फक्त ओरडतो, गाडी धरून ठेवत नाही. हँडल लॉक आणि डिस्कचं किंवा साखळीचं कुलूप हवंच.

*कुठेही असलो तरी रिमोट वाजेल.* स्वस्त रिमोटचा पल्ला काही मीटरचाच असतो. ३१ मेला अहिल्यादेवींच्या जयंतीला चोंडीत उसळणाऱ्या गर्दीत तुमचा सायरन तुम्हाला ऐकू येईल, ही आशा सोडा. गाडीचा ठावठिकाणा मोबाइलवर हवा असेल तर जीपीएस वेगळा घ्यावा लागतो.

*जुनी गाडी कोण नेतो?* सर्वांत खपणारी गाडीच चोराला सोयीची. तिचे सुटे भाग चटकन विकले जातात.

*विमा आहे, काळजी नाही.* नुसत्या थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई नसते.

*चोरी दुसऱ्या जिल्ह्यात झाली, आता तिकडेच हेलपाटे.* जामखेडहून नगरला जाताना बीड जिल्ह्यातली आष्टी, कडा लागतात, त्यामुळे हा प्रश्न इथे खराच पडतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला असो, खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. मात्र त्याच दिवशी द्या. गुरशिंदर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केलं, की एफआयआर ताबडतोब नोंदवला असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा फेटाळता येत नाही. तरी कंपनीलाही लगेच कळवा आणि दोन्ही चाव्या जपून ठेवा. दाव्याच्या वेळी त्या मागतात.

अलार्म जरूर बसवा. फक्त पैसे देण्याआधी फिटरला दोन गोष्टी विचारा : फ्यूज कुठे लावला, आणि मीटरवर किती मिलिअँपिअर येतात. दोन्ही दाखवता येत नसतील, तर दुसरा फिटर गाठा.