संगणकाचा व्यवसाय आणि घरांतील अभ्यास

दरवर्षीं इंजिनियरिंगच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल लागला कीं आपल्या घरांतून एक वाक्य मोठ्या समाधानानें उच्चारलें जातें: "चला, मुलाचें शिक्षण एकदांचें संपलें!" त्या समाधानांत खोटें कांहीं नाहीं. चार वर्षांची फी, पुण्यांतील खोलीचें भाडें, आजोबांनीं मोडलेली ठेव, हें सारें त्या वाक्यामागें उभें असतें. परंतु मुलानें वा मुलीनें सॉफ्टवेअरचा व्यवसाय पत्करिला असेल, तर हें वाक्य त्या घरांत उच्चारूं नये, एवढेंच सुचविण्यासाठीं हा लेख लिहीत आहें. वकिलास नवे निवाडे वाचावे लागतात, वैद्यास नवीं औषधें समजून घ्यावीं लागतात. पण मनुष्याचें शरीर कांहीं दर पांच वर्षांनीं पालटत नाहीं. या व्यवसायांत हातांतील हत्यारेंच पालटतात.

आपल्या सोलापुरास हा अनुभव परका नाहीं. १८७७ सालीं चालू झालेल्या जुन्या गिरणीपासून पुढें ज्या गिरण्यांच्या भोंग्यांवर या शहराचें घड्याळ चालत असे, त्या एकामागून एक बंद पडतांना आपण पाहिल्या. पण गिरण्यांपेक्षांही मला या विषयासाठीं चादरीचा माग अधिक बोलका वाटतो. पूर्व भागांतील कारखान्यांत ज्यांनीं एकदां तरी डोकावून पाहिलें असेल, त्यांस जकार्डचा माग आठवेल. मागाच्या माथ्यावर भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक लांब माळ फिरत असते. जेथें भोंक असेल तेथला उभा धागा उचलला जातो, नसेल तेथला खालीं राहतो. आणि केवळ या होकार-नकारांतून चादरीवर नक्षी उमटते. लिऑन शहराच्या जोसेफ मारी जकार्डनें १८०४ मध्यें ही युक्ति सिद्ध केली. पुढें चार्ल्स बॅबेजनें आपल्या नियोजित गणकयंत्रासाठीं तिचाच आधार घेतला, आणि १८९० च्या अमेरिकन खानेसुमारींत हर्मन हॉलेरिथनें भोंकांच्या पुठ्ठ्यांवर माणसें मोजून दाखविलीं. म्हणजे ज्या विद्येच्या मागें आपलीं मुलें हुतात्मा एक्स्प्रेसनें पुण्यास धांवतात, तिची एक आजी आपल्याच पेठेंत नांदत होती म्हणावयाचें!

नव्या इलेक्ट्रॉनिक जकार्डास पुठ्ठे लागत नाहींत. नक्षी संगणकावर काढून तेथूनच मागास देतां येते. ज्यास केवळ पुठ्ठ्यांस भोंकें पाडण्याचें काम येत होतें, त्याचा हात रिकामा होतो. ज्यास नक्षी धाग्यांत कशी उतरते हें कळलें होतें, तो आलेखाचा कागद बाजूस ठेवून पडद्यासमोर बसूं शकतो.

संगणकाच्या भाषांचेंही असेंच आहे. फोरट्रॅन १९५७ ची, सी १९७२ ची, पायथन १९९१ ची, जावा १९९५ ची. त्यांपैकीं कांहीं अजून टिकून आहेत. बँकांच्या कामांत तर १९६० च्या सुमाराची कोबोल आजही राबते आहे. परंतु त्या भाषांभोंवतीं जीं साधनें उभारलीं जातात, त्यांचें आयुष्य फार थोडें. फ्लॅश नांवाच्या साधनावर एके काळीं कित्येकांचा चरितार्थ चाले. २०२० च्या अखेरीस त्याच्या कंपनीनेंच त्याचा आधार काढून घेतला. मग तरुणानें शिकावें तरी काय?

मूळ विषय थोडे आहेत, आणि त्यांस वार्धक्य लवकर येत नाहीं. माहितीची मांडणी कशी करावी, एखादें काम किती पायऱ्यांत उरकेल, यंत्राची स्मृति कशी चालते, दोन यंत्रें एकमेकांशीं कशीं बोलतात, हे ते विषय होत. एक लहानसें उदाहरण देतों. एक लाख शब्दांचा कोश पहिल्या शब्दापासून चाळीत गेल्यास हवा तो शब्द मिळण्यास लाख खेपाही लागतील. तोच कोश अकारविल्हे लावलेला असेल, आणि दर वेळीं मधोमध उघडून नको तो अर्धा भाग सोडीत गेलें, तर सतरा खेपांत काम होतें. ही गोष्ट ज्यास खरोखर समजली, त्यास ती कोणत्याही भाषेंत लिहितां येते. माझा जन्म विद्यार्थ्यांकडून शब्दरूपें पाठ करून घेण्यांत गेला. त्यांत ज्यास 'राम' शब्द तेवढा पाठ आहे पण विभक्तीचें मर्म कळलेलें नाहीं, तो 'हरि' आला कीं अडतो, हें मीं शेंकडों वेळां पाहिलें आहे.

संस्कृताचा विषय निघालाच आहे म्हणून एक गोष्ट सांगून टाकतों. पाणिनीनें सुमारें चार हजार सूत्रांत एक अफाट भाषा बसविली, आणि त्याची रीति संगणकीय भाषांचें व्याकरण लिहिण्याच्या आधुनिक रीतीशीं इतकी जुळते कीं १९६७ सालीं पीटर इंगरमन यांनीं त्या रीतीस बॅकसच्या जोडीनें पाणिनीचेंही नांव द्यावें, असें सुचविलें. येथवर अभिमान योग्य होय. परंतु 'संस्कृत हीच संगणकास सर्वोत्तम भाषा' अशी जी वल्गना लग्नाच्या पंगतींत कानीं येते, ती मला मान्य नाहीं. १९८५ मधील रिक ब्रिग्ज यांचा जो लेख तिच्या समर्थनार्थ पुढें केला जातो, तो अर्थाची मांडणी कशी करावी याविषयीं होता. प्रोग्रॅम संस्कृतांत लिहावे असें तो म्हणत नाहीं.

आपल्याकडील जुन्या सुभाषितकारानें विद्येचे चार पाद कल्पिले: एक गुरूकडून, एक स्वबुद्धीनें, एक सहाध्यायांकडून आणि उरलेला काळानें मिळणारा. यांतील गुरूचा पाद आज स्वस्त झाला आहे. आय. आय. टी. व बंगळूरची विज्ञानसंस्था यांच्या अध्यापकांचीं व्याख्यानें एन. पी. टी. ई. एल. वर घरबसल्या फुकट ऐकावयास मिळतात. पैसे पडतात ते प्रमाणपत्राच्या परीक्षेपुरते. मोठमोठ्या फिया घेऊन नोकरीची हमी देणाऱ्या क्लासांकडे वळण्यापूर्वी पालकांनीं निदान एवढें पाहावें. सहाध्यायांचा पाद मात्र आपलीं मुलें दवडतात. चांगल्या कंपनींत एकानें लिहिलेला कोड दुसऱ्यानें तपासल्यावांचून पुढें जात नाहीं. ती तपासणी म्हणजे अपमान, अशी आपल्या हुशार मुलांची समजूत असते. पहिल्या नंबराच्या मुलांची विशेषच. मराठी शाळेंतून गेलेलीं मुलें तर इंग्रजी चुकेल या भयानें प्रश्नच विचारीत नाहींत. लायनस टॉरवल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आपलें अपुरें काम सर्वांसमोर ठेवून सूचना मागितल्या. त्यांतूनच लिनक्स वाढलें.

२०२२ च्या अखेरीपासून आणखी एक सोबती आला आहे, तो म्हणजे सांगतांच कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धि. तिच्या भयानें या व्यवसायाकडे पाठ फिरविणारे पालक मला भेटतात, आणि आतां मुळें शिकण्याचें कारणच उरलें नाहीं म्हणणारे तरुणही भेटतात. मला दोन्ही पक्ष पटत नाहींत. तिचें उत्तर ठाम असतें, पण बरोबर असतेंच असें नाहीं. चूक ओळखण्यास तपासणाऱ्याजवळ विद्या हवी. गाईडवरून उत्तरें उतरविणारा विद्यार्थी आम्हीं मास्तर लोक दोन प्रश्नांत ओळखीत असूं. मुलाखत घेणारेही ओळखतात.

आतां घराकडे वळतों. बढती म्हणजे हाताखालीं माणसें, हा आपला सरकारी कचेरींतला हिशेब. या व्यवसायांत दुसराही मार्ग आहे: माणसें न सांभाळतां केवळ ज्ञानाच्या बळावर आर्किटेक्टसारख्या पदास पोंचण्याचा. "अजून मॅनेजर झाला नाहीं?" असें भावजींनीं चारचौघांत विचारलें म्हणजे त्या मार्गावरील तरुणास काय वाटत असेल, याचा विचार व्हावा.

आणि सुनेचा तर त्याहून अधिक व्हावा. २०२० च्या साथींत कचेरी घरांत आली, व कित्येक ठिकाणीं ती थोडीबहुत घरांतच राहिली. सून घरीं आहे म्हणजे ती मोकळी आहे, अशी आमच्या पिढीची समजूत कांहीं जात नाहीं. दिवसाचे आठ-नऊ तास कंपनीचे. त्यानंतर स्वयंपाक, मुलांचा गृहपाठ, आल्यागेल्याचें चहापाणी. मुलगा रात्रीं दार लावून नवें कांहीं शिकत बसला तर "अभ्यास करतो आहे" म्हणून घर हळू बोलतें. सून बसली तर दार ठोठावलें जातें. दोघांची पदवी एक आणि पगार एक असतांही पांच वर्षांनीं ती मागें पडते, आणि मग तिची नोकरी 'नाहीं तरी फारशी महत्त्वाची नाहीं' असें ठरतें. यांत तिच्या बुद्धीचा दोष मला दिसत नाहीं.

उपाय खर्चाचा नाहीं. आमच्या शेजारच्या घरांत पहाटे पांच ते साडेसहा ही वेळ सुनेच्या अभ्यासाची ठरली आहे. त्या वेळीं तिला कोणी हांक मारीत नाहीं, आणि सकाळचा पहिला चहा सासरे करितात.