स्पिरिट रोव्हरमधील फ्लॅश मेमरीचा बिघाड

स्पिरिट रोव्हरमधील फ्लॅश मेमरीचा बिघाड हा नासाच्या मंगळावरील स्पिरिट रोव्हरच्या संगणकात जानेवारी २००४ मध्ये उद्भवलेला दोष होता. फाइल प्रणालीला लागणारी जागा मुख्य मेमरीत अपुरी पडल्याने संगणक वारंवार पुन्हा सुरू होत राहिला. यंत्राला हात न लावता केवळ रेडिओ आज्ञांद्वारे झालेली ही दुरुस्ती अंतःस्थापित संगणकांच्या दोषनिवारणाचे महत्त्वाचे उदाहरण मानली जाते.

पार्श्वभूमी

स्पिरिट ४ जानेवारी २००४ रोजी मंगळावरील गुसेव विवरात उतरला. त्याच्या संगणकात आरएडी ६००० हा प्रोसेसर, १२८ मेगाबाइट मुख्य मेमरी (रॅम) आणि २५६ मेगाबाइट फ्लॅश मेमरी होती. व्हीएक्सवर्क्स ही त्याची संचालन प्रणाली होती. वीजपुरवठा बंद होताच रॅममधील माहिती नष्ट होते, फ्लॅशमधील माहिती मात्र टिकून राहते. ऊर्जा वाचवण्यासाठी रोव्हरचा संगणक रात्री बंद केला जात असल्याने छायाचित्रे व नोंदी फ्लॅशमध्ये साठवल्या जात.

बिघाड

२१ जानेवारी रोजी, म्हणजे मोहिमेच्या १८ व्या सोलला (मंगळावरील दिवसाला), स्पिरिटशी असलेला नियमित संपर्क तुटला. २३ जानेवारीला मिळालेल्या त्रोटक माहितीवरून संगणक ६० हून अधिक वेळा पुन्हा सुरू झाल्याचे दिसून आले. या चक्रामुळे रोव्हर रात्रीही बंद होत नव्हता आणि त्याच्या बॅटऱ्या रिकाम्या होत होत्या. त्यामुळे निदानासाठी फार वेळ उपलब्ध नव्हता.

निदान

संगणक सुरू होताना फ्लॅशमधील फाइल प्रणाली वाचतो. बिघाड याच टप्प्यावर होत असावा, असा अभियंत्यांचा तर्क होता. फ्लॅश न वापरता, रॅममध्येच तात्पुरती फाइल प्रणाली तयार करून संगणक सुरू करण्याची सोय रोव्हरमध्ये आधीपासून होती. २४ जानेवारीला तशी आज्ञा पाठवताच चक्र थांबले. दोष फ्लॅशच्या वापराशी निगडित असल्याचे यावरून स्पष्ट झाले, आणि फ्लॅशमधील माहितीही सुरक्षित राहिली.

कारण

फ्लॅशच्या चिप निकामी झालेल्या नव्हत्या. रोव्हरची फाइल प्रणाली डॉस पद्धतीची होती आणि फाइलींच्या निर्देशिकेची प्रत ती रॅममध्ये ठेवत असे. फाइल पुसली तरी निर्देशिकेतील तिची जागा कमी होत नसे. त्यामुळे रॅमची गरज सध्याच्या फाइलींवर नव्हे, तर आजवर एका वेळी साठलेल्या फाइलींच्या सर्वाधिक संख्येवर ठरत होती. जून २००३ मधील उड्डाणापासून प्रवासात अनेक फाइली साठल्या होत्या, त्यांत मंगळावरील नोंदींची भर पडली.

त्यात मांडणीच्या दोन चुका होत्या. फाइल प्रणालीने किती रॅम घ्यावी यावर मर्यादा घातलेली नव्हती. तसेच, रॅम न मिळाल्यास केवळ त्रुटीची सूचना देण्याऐवजी संबंधित कार्यच स्थगित होत असे. कार्य स्थगित झाल्यावर संगणक पुन्हा सुरू होई, तीच निर्देशिका पुन्हा वाचू लागे आणि पुन्हा अडत असे. पृथ्वीवरील चाचण्या कमी दिवसांच्या असल्याने फाइलींचा एवढा साठा त्यांत झाला नव्हता.

दुरुस्ती

प्रथम अनावश्यक फाइली पुसण्यात आल्या आणि उपयुक्त माहिती पृथ्वीवर आणली गेली. त्यानंतर फ्लॅश फॉरमॅट करून नवी फाइल प्रणाली तयार करण्यात आली. फेब्रुवारी २००४ मध्ये स्पिरिटचे वैज्ञानिक काम पुन्हा सुरू झाले. ९० सोलांसाठी आखलेल्या या मोहिमेतील स्पिरिटचा शेवटचा संदेश २२ मार्च २०१० रोजी मिळाला.

ऑपर्च्युनिटीमधील बिघाडाशी तुलना

जुळा रोव्हर ऑपर्च्युनिटी यालाही २०१४ मध्ये फ्लॅशच्या अडचणी आल्या. संगणक पुन्हा सुरू होणे आणि नोंदी न टिकणे ही त्यांची लक्षणे होती. सप्टेंबर २०१४ मध्ये फ्लॅश फॉरमॅट करूनही अडचणी परतल्या. या वेळी संशय दीर्घ वापराने झिजलेल्या मेमरीच्या एका भागावर होता. पुढे फ्लॅशविना काम करण्याची पद्धत अवलंबण्यात आली. त्यामुळे दररोजची माहिती संगणक बंद होण्यापूर्वी पाठवणे आवश्यक ठरले.

दोन्ही घटनांत लक्षणे काही अंशी सारखी असली, तरी उपाय भिन्न ठरले. आज्ञावलीतील दोष फाइली पुसून व मांडणी सुधारून दूर होतो. झिजलेल्या चिपवर मात्र फॉरमॅटचा उपयोग तात्पुरताच होतो. म्हणूनच फॉरमॅट करण्यापूर्वी संशयित भाग वगळून यंत्र सुरू करणे व माहिती सुरक्षित करणे महत्त्वाचे असते.